गिळल्यानंतर काय? अजस्र प्राण्याच्या पोटातील धोक्यांची रचना
लेखमाला : साहसाच्या जागा – लेखांक ९

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या नियमांत पर्पल वर्म नावाचा एक महाकाय कृमी आहे. तो जमिनीखालून बोगदे पाडत येतो, चावतो, आणि ज्या पात्राला फाशावर निसटण्याइतका आकडा काढता येत नाही ते पात्र थेट त्याच्या पोटात जाते. आत गेलेल्याला दिसत नाही, हालचाल करता येत नाही आणि कृमीची पाळी आली की दर वेळी सहा बाजूंच्या सहा फाशांइतकी, म्हणजे सरासरी २१ गुणांची, आम्लाची इजा होते. आतून एकाच पाळीत ३० किंवा जास्त गुणांचा घाव बसला आणि त्यानंतरची कसोटी कृमी हरला, तर तो गिळलेल्या सगळ्यांना ओकून टाकतो.

लढाईपुरता हा नियम चोख आहे. पण संपूर्ण साहस पोटातच घडवायचे असेल तर तो उपयोगाचा नाही. दहाव्या पातळीचा, बऱ्यापैकी काटक योद्धा सुमारे ८४ हिट पॉइंट बाळगून असतो. या हिशेबाने तो चार फेऱ्यांत संपतो, आणि एक फेरी सहा सेकंदांची. चोवीस सेकंदांत चिलखतासकट माणूस फस्त करणारे जठर निसर्गात कोणाकडेच नाही. अजगरालासुद्धा एक मोठे भक्ष्य पचवायला कित्येक दिवस लागतात. लढाईच्या नियमातले पोट ही शिक्षा असते. साहसासाठी त्याची जागा करावी लागते, आणि तिथले धोके त्या शरीराच्या रोजच्या कामातून यावे लागतात.

पहिला बदल काळाच्या मापात करायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या १९७४च्या मूळ खेळात भुयारे धुंडाळताना दहा मिनिटांची पाळी धरलेली होती. पोटातल्या प्रवासाला तेच माप चांगले बसते. प्रत्येक पाळीला शरीरातली एखादी हालचाल बांधली, की खेळाडूंना आपोआप घड्याळ मिळते. मोठ्या प्राण्यांची लय संथ असते. खोल बुडी मारलेल्या निळ्या देवमाशाचे हृदय मिनिटाला दोनच ठोक्यांपर्यंत मंदावते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. गेम मास्टरने टेबलावर मधूनमधून बोटाने ठोका द्यावा. तो जलद झाला की काही सांगायची गरज उरत नाही.

आकाराचा प्रश्न लागलीच येतो. दुसऱ्या शतकातल्या ल्युशियनने आपल्या ‘खऱ्या कथे’त पंधराशे स्टेडिया लांबीचा समुद्रप्राणी रंगवला. त्याच्या पोटात जमीन आहे, जंगल आहे, आपसांत लढणाऱ्या जमातीही आहेत. वाचायला झकास, पण एवढ्या मोठ्या पोटात पोट कुठे जाणवतच नाही. तो एक वेगळा देशच होतो. खेळासाठी एखादा ओळखीचा प्राणी घेऊन तो मोजून वाढवणे बरे. अडीच मीटर लांबीची गाय चाळीसपट केली, तर लांबी शंभर मीटर होते. घनफळ मात्र चाळीसाच्या घनाने, म्हणजे चौसष्ट हजारपट वाढते. गायीच्या कोठीपोटात दीडशे लिटर मावतात असे धरले, तर या प्राण्याच्या कोठीपोटात ९६ लाख लिटर मावतील. एका मोहिमेला तेवढी जागा भरपूर झाली.

गाय निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याचे पोट चार कप्प्यांचे असते, आणि चारही कप्प्यांचे काम निरनिराळे. पोट म्हणजे आम्लाचे तळे ही समजूत इथे पहिल्याच दालनात मोडते.

सुरुवात घशापासून. अघासुराच्या कथेत गोपाळांची पोरे अजगराचा जबडा ही गुहा समजून आपल्या पायांनी आत जातात. प्रवेशद्वाराचा यापेक्षा चांगला नमुना शोधून सापडायचा नाही, कारण तिथे कोणी कोणाला गिळत नाही. निर्णय आत जाणाऱ्यांचाच असतो. पुढे कृष्ण आतल्या आत अंग वाढवून असुराचा श्वास कोंडतो. घसा ही या शरीरातली सर्वांत नाजूक जागा, हे त्या कथेने अचूक हेरले आहे. अन्ननलिकेत स्नायूंच्या लाटा घास पुढे ढकलतात. उलट दिशेने चढणाऱ्याला प्रत्येक लाटेला कसोटी द्यावी लागेल. खाली जाणाऱ्याला कसलीच नाही. ही असमानता आधीच कळली पाहिजे. त्यासाठी खेळाडूंनी पुढे फेकलेली एखादी दोरी किंवा पोतडे खाली ओढले जाताना दाखवावे.

कोठीपोट हे मुख्य दालन. इथे आम्ल जवळजवळ नसते. अर्धवट चावलेला चारा सूक्ष्मजीव आंबवत असतात, आणि त्यातून निघणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त, त्याखालोखाल मिथेन. प्राणवायू नावापुरताच. म्हणजे मशाल पेटवली की स्फोट होईल हा सर्वांचा पहिला अंदाज चुकीचा; मशाल आधी मिणमिणते आणि मग विझते. मशाल विझणे हाच इशारा. २०१४च्या नियमांनुसार एक मिनिट आणि शिवाय कॉन्स्टिट्यूशनच्या अधिक गुणाइतकी मिनिटे श्वास रोखता येतो. वरच्या योद्ध्याचा तो गुण दोन धरला तर तीन मिनिटे. तेवढ्यात शंभर मीटरच्या प्राण्यात काही साधत नाही. म्हणून रचनाकाराने हवेची सोय करायची : प्राण्याने घास गिळला की त्याबरोबर बाहेरची हवा येते आणि घशाच्या तोंडाशी एक पाळीभर श्वास घेण्याजोगी राहते. मग खेळाडू आपोआप मोजूनमापून खेपा घालू लागतात. स्फोटाचा धोका नेमका याच सीमेवर असतो, कारण हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्के मिसळला की तो पेट घेतो. सुरक्षित वाटणाऱ्या जागीच दिवा लावणे सर्वांत धोक्याचे, ही कोंडी कुठल्याही सापळ्यापेक्षा सरस ठरते.

हा वायू ढेकरांवाटे बाहेर जात असतो. ढेकर अडली की पोटफुगी, हे ओल्या लसूणघासावर तुटून पडलेली गाय ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. खेळाडूंनी घशाच्या तोंडाशी तळ ठोकून वाट अडवली, तर दोन पाळ्यांत भिंती ताणल्या जातील, तिसरीत ठोके वाढतील, चौथीत प्राणी कोसळेल. तो डाव्या अंगावर पडला की गेम मास्टरने नकाशाचा कागद खरोखरच नव्वद अंशांत फिरवावा. कालची भिंत आज जमीन झालेली असते, आणि तळाशी साचलेला द्रव कुठे जाणार याचे उत्तर त्याच कागदावर दिसते. एका अवयवात केलेल्या उद्योगाचे उत्तर दुसऱ्या अवयवाने द्यायचे, हे सूत्र धरले की धोक्यांची वेगळी यादी करावी लागत नाही.

पुढचे जाळीपोट खजिन्याचे. गायीने चाऱ्याबरोबर गिळलेली तार, खिळे इथल्या जाळीत अडकून बसतात. अजस्र प्राण्याच्या जाळीपोटात तलवारी, नांगर, होड्यांचे नांगरही मिळावेत. तार टोचून पुढे सरकली तर गायीच्या हृदयापर्यंत पोचते, इतका हा कप्पा हृदयाला लागून असतो. म्हणून अडकलेला भाला उपटणे म्हणजे एकाच वेळी लूट, जखम आणि हृदयाकडची वाट.

पडदेपोट चाऱ्यातले पाणी पिळून काढते. दाटीवाटीच्या पडद्यांमधून सरपटत जाण्याची एक अवघड कसोटी दिली की ते मागे टाकावे. आम्ल येते ते चौथ्या कप्प्यात. तिथेही दर पाळीला हिट पॉइंट कापण्यापेक्षा सामान झिजवावे : आधी कातडी पट्टे, मग दोर, मग चिलखताच्या कड्या. भिंतीवर बुळबुळीत थर असतो आणि तोच प्राण्याचे स्वतःच्या आम्लापासून रक्षण करतो. जो खेळाडू तो थर अंगाला फासायची कल्पना काढेल, त्याला फासा न टाकता यश द्यावे.

आत वस्तीही हवी, पण भुयारातल्या गॉब्लिनांसारखी खोल्या वाटून बसलेली नको. देवमाशांमध्ये तीस मीटर लांबीचे पट्टकृमी सापडल्याची नोंद आहे. तसा एक कृमी दालनभर पसरला, तर तो शत्रू असण्यापेक्षा वाट दाखवणारा दोर म्हणून जास्त कामाचा.

बाहेर पडण्याचे मार्ग किमान तीन असावेत आणि प्रत्येकाची किंमत निराळी. तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत कृमीचे जठर कापून बाहेर येता येई, पण एक जण बाहेर पडताच स्नायू आकुंचन पावून भोक मिटे. मागच्याला पुन्हा कापावे लागे. ही एक ओळ २०१४च्या नियमांतून गेली याची चुटपुट लागते, कारण कोणी आधी जायचे हा प्रश्न तिने न बोलता उभा केला होता. रवंथाचा मार्ग आणखी मजेशीर : ठरावीक वेळाने गोळा पुन्हा तोंडाकडे चढतो, त्यात दडून बसले की फुकट प्रवास, फक्त शेवटी दाढा आहेत. डाव्या कुशीतून नळी खुपसून वायू सोडण्याचा पशुवैद्यांचा उपाय हा तिसरा. त्यात वाटही मिळते आणि प्राणीही वाचतो. प्राणी वाचवायचा की नाही हे आधी ठरलेले असावे. कच शुक्राचार्यांच्या पोटातून बाहेर येतो तेव्हा गुरूचे पोट फाटते, आणि संजीवनी आधीच शिकल्यामुळेच तो त्यांना उठवू शकतो. पाठीवर गाव वसलेल्या प्राण्याच्या बाबतीत हीच अडचण मोहिमेच्या मध्यावर येऊ शकते.

प्राणी मेलाच, तर नियम सोपा दिसतो : २०१४च्या पुस्तकात मेलेल्या कृमीच्या पोटातून वीस फूट चाल खर्चून बाहेर येता येते. शंभर मीटरच्या शवात तसे होत नाही. आंबणे थांबत नाही, ढेकर मात्र थांबते; घास गिळला जात नाही, म्हणून ताजी हवाही येत नाही. शेवटच्या घासाची हवा एक पाळी पुरते. त्यानंतर दर पाळीला दाब वाढतो, सहाव्या पाळीला कूस आपोआप फाटते, आणि तोपर्यंत आत कोणी दिवा लावलेला नसावा.