अवधची शिकार आणि शिकाऱ्याची साक्ष

लखनऊचे नाव काढले की मराठी वाचकाच्या मनात ठुमरी, कथक, चिकनचे भरतकाम आणि १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी तेथे उभे राहिलेले संगीत विद्यालय यांची स्मृती जागी होते. परंतु ह्याच शहराच्या पूर्वेस, गोमतीच्या तीरी, दिलकुशा नावाच्या कोठीच्या विटांच्या उंच भग्न भिंती आजही उभ्या आहेत, आणि त्या भिंतींचा इतिहास शिकारीशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, अवधचे नवाब सआदत अली खान यांच्या कारकीर्दीत, त्यांचा इंग्रज स्नेही गोर ऊझ्ली याने इंग्लंडातील सरदारी वाड्यांच्या धर्तीवर ही कोठी बांधविली, आणि तिच्या भोवतालच्या विस्तीर्ण रमण्यात हरणे राखून ठेवण्यात आली. १८५७ च्या लढाईत कोठीची जी दुर्दशा झाली, तीतून ती पुन्हा सावरली नाही.

दिलकुशेतली शिकार ही मात्र राजधानीलगतची करमणूक होती. अवधची खरी मोठी शिकार उत्तरेकडे, हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत होत असे, आणि तिचा वृत्तांत प्रथम तपशिलाने लिहून ठेवणारा मनुष्य म्हणजे विल्यम ब्लेन. नवाब आसफुद्दौला यांनी १७७५ साली आपली राजधानी फैजाबादेहून लखनऊस आणली. त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे १७८५ आणि १७८६ ह्या सालांच्या मोहिमांत, ब्लेन त्यांच्यासमवेत होता, आणि त्याने लिहिलेली लहानशी पुस्तिका १७८८ साली प्रसिद्ध झाली. डिसेंबरच्या आरंभी लखनऊ सोडावे, तराईच्या कडेकडेने शेकडो मैलांचा फेरा घ्यावा, आणि मार्चच्या उन्हाने अंग भाजू लागले म्हणजे परतावे, असा ह्या मोहिमेचा क्रम असे. बरोबरच्या लवाजम्याचा त्याने दिलेला अंदाज सुमारे चाळीस हजार माणसे आणि वीस हजार जनावरे असा आहे, आणि त्यांत फौज, घोडेस्वार, तोफा, हत्तींचे कळप आणि हजारो गाड्या ह्या सर्वांचा समावेश होतो. एवढे मोठे चालते नगर ज्या गावच्या शिवारात मुक्कामाला उतरत असेल, त्या गावच्या उभ्या पिकाचे आणि विहिरींच्या पाण्याचे काय होत असेल, हा प्रश्न आजच्या वाचकाने स्वतःला अवश्य विचारावा.

शिकारीचा कारभार हा दरबारच्या इतर खात्यांप्रमाणेच एक स्वतंत्र कारखाना असे. मीर-शिकार हा त्याचा मुख्य. त्याच्या हाताखाली माहूत, चित्तेवान, बाजदार आणि माग काढणारे खबरी. तराईतले गवत हत्तीच्या पाठीइतके उंच वाढते, त्यात पायी शिरणाऱ्याला चार हातांपलीकडचे काही दिसत नाही. म्हणून हत्तींची लांबच लांब रांग धरून ते गवत तुडवीत पुढे सरकायचे, आणि वाघ बाहेर निघाला की हौद्यांतून बंदुका झाडायच्या, ही तेथील रीत. जंगल दाट आणि जमीन चढउताराची असेल तेथे ही रीत चालत नाही. तेथे पाडा बांधावा, वाघाने तो मारला की जवळच्या झाडावर मचाण घालून संध्याकाळपासून बसावे, किंवा ढोल, डबे आणि आरोळ्या यांनी रान उठवून हाक्यातून सावज मचाणाखाली आणावे, असे दोन मार्ग असत. आपल्याकडील सातपुड्यात आणि सह्याद्रीतही हेच मार्ग रूढ होते. ह्या साऱ्या व्यवहारात बंदूक चालविणारा एक असे, पण वाघ कोणत्या नाल्याने येईल, कोणत्या पाणवठ्यावर थांबेल आणि वारा कोणीकडचा आहे हे सांगणारी माणसे वेगळीच असत. त्यांची नावे शिकारीच्या पुस्तकांत क्वचितच सापडतात, ही त्या वाङ्मयाची सर्वांत मोठी उणीव आहे.

नवाब नसीरुद्दीन हैदर यांच्या काळात लखनऊमध्ये हत्ती, वाघ, गेंडे यांच्या झुंजी लावीत, आणि त्यांची वर्णने विल्यम नाइटन याच्या १८५५ सालच्या पुस्तकात सविस्तर आली आहेत. अवध खालसा होण्याच्या आदल्याच वर्षी निघालेले हे पुस्तक नवाबीची अपकीर्ती करण्यास फार उपयोगी पडले, म्हणून ते जपूनच वाचले पाहिजे. पिंजऱ्यातल्या जनावरांच्या त्या झुंजीला शिकार म्हणणे मला मान्य नाही.

इंग्रजी अमलात शिकारीला नियमांची आणि हिशेबाची शिस्त आली. राखीव जंगलांचे शिकारीसाठी गट पाडले गेले, त्यांचे परवाने वनखात्याकडून मिळू लागले, आणि जंगलातील विश्रामगृहांत साहेबलोकांचे मुक्काम पडू लागले. ज्याची गोळी वाघाला प्रथम लागेल त्याचा वाघ, असा संकेत ठरला. वाघाची लांबी मोजण्याच्या दोन रीती होत्या: एकीत मेलेल्या वाघाच्या नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून त्यांतील सरळ अंतर मोजीत, दुसरीत अंगाच्या वळणावळणाने फीत फिरवीत. दुसऱ्या रीतीने तोच वाघ काही इंच लांब भरतो. जुन्या शिकारकथा वाचताना लेखकाने आपली रीत सांगितली आहे की नाही, एवढे एक जरी पाहिले तरी त्याच्या सत्यनिष्ठेचा अंदाज येतो.

सत्यनिष्ठेचा हा निकष ज्याला पूर्णपणे लावता येतो असा लेखक म्हणजे जिम कॉर्बेट. त्याचे कार्यक्षेत्र कुमाऊँचे डोंगर, पण ते डोंगर त्या वेळी लखनऊच्याच प्रांतात, म्हणजे संयुक्त प्रांतात मोडत. १९०७ साली त्याने चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारले. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी मांडले गेले होते. त्या शेवटच्या दिवसाची हकीगत कॉर्बेटने सांगितली आहे ती अशी. चंपावतच्या तहसीलदाराने गावोगाव निरोप पाठवून हाक्यासाठी माणसे गोळा केली, आणि विनापरवाना बंदुका घेऊन येणाऱ्यांकडे आपण काणाडोळा करू असेही सांगून टाकले; तेव्हा ज्या जुनाट बंदुका बाहेर पडल्या, त्यांनी एखादे संग्रहालय भरले असते. जखमी वाघीण समोर उभी, कॉर्बेटजवळची काडतुसे संपलेली, म्हणून तो धावत तहसीलदाराकडे गेला आणि त्यांची बंदूक घेऊन परतला. तिच्या नळ्या आणि कुलूप यांच्यामध्ये फट पडलेली होती. वाघिणीच्या उघड्या जबड्याचा वेध घेऊन त्याने बार काढला, आणि गोळी लागली ती तिच्या पुढच्या पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनीच गतप्राण झाली. आपला नेम चुकला, ही गोष्ट दुसऱ्या कोणी पाहिलेली नसतानाही तो सांगून टाकतो. आणि म्हणूनच चितळाच्या हाकेवरून वाघाची वाट कशी ओळखली, पंजाच्या ठशावरून वय कसे ताडले, हे तो सांगतो तेव्हा आपण त्यावर विश्वास ठेवतो. ही कथा असलेला त्याचा संग्रह १९४४ साली प्रसिद्ध झाला.

वाघाकडे बंदुकीवाचून पाहण्याची वाटही ह्याच प्रांतात निघाली. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन याने जंगलवाटेवर तार ताणून, तिला वाघाचा पाय लागताच प्रकाश पडून छायाचित्र निघेल अशी योजना केली, आणि त्याचे छायाचित्रांचे पुस्तक १९२७ साली बाहेर आले. कॉर्बेटने पुढे बंदूक मागे ठेवून कॅमेरा हाती घेतला, त्यामागे चँपियनची प्रेरणा होती.

शिकारीच्या वृत्तांताचे मोल किती विपरीत प्रकारे ठरू शकते, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. १८८३ साली स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात शिकाऱ्यांची टिपणे प्रारंभापासून छापली जात, आणि कोणता प्राणी कोठे, केव्हा व किती दिसला याची भारतातील प्रचंड सामग्री त्यांतूनच साठली. ह्याच नियतकालिकाकडे १९४७ साली मध्य भारतातील कोरिया संस्थानातून एक टिपण व छायाचित्र आले. संस्थानचे अधिपती रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री मोटारीच्या प्रकाशात तीन चित्ते मारले होते. संपादकांनी ते टिपण छापले, पण आपला तीव्र निषेध त्याला जोडूनच. हिंदुस्थानातील चित्त्याची ती जवळजवळ शेवटची निश्चित नोंद ठरली, आणि १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ते टिपण केराच्या टोपलीत गेले असते तर चित्त्याचा अंत कोठे आणि कोणत्या रीतीने झाला, हे आज सांगता आले नसते.

मोटारीच्या दिव्याच्या झोतानेच आणखी एका शिकाऱ्याचे आयुष्य पालटले. कपूरथळ्याच्या घराण्यातील बिली अर्जन सिंह यांचा जन्म १९१७ सालचा. अवधच्या तराईत त्यांचे बालपण गेले, आणि पोरवयापासूनच त्यांनी वाघ-बिबटे मारले. सैन्यातून परतल्यावर त्यांनी खेरी जिल्ह्यात शेती घेतली. एके रात्री जीपच्या प्रकाशात त्यांनी एक बिबट्या टिपला, आणि त्या मृत देहाकडे पाहताना त्यांना आपल्या कृत्याची अशी शिसारी आली की त्यांनी शिकार सोडली. १९५९ साली सोहेली आणि नेवरा ह्या नद्यांच्या संगमापाशी जंगलाच्या काठावर त्यांनी घर बांधले, त्याला टायगर हेवन हे नाव दिले, आणि पुढची अनेक वर्षे ते तेथेच राहिले. दलदलीत राहणाऱ्या बारशिंग्यांचे कळप वाचविण्यासाठी त्यांनी लखनऊच्या सचिवालयाशी आणि दिल्लीशी अखंड पत्रव्यवहार केला. इंदिरा गांधींचा पाठिंबा मिळाला, आणि १९७७ साली दुधवा राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९८४ साली तेथे गेंडेही पुन्हा आणण्यात आले.

अर्जन सिंह यांनी पोरके बिबटे वाढवून जंगलात सोडले. त्यांपैकी हॅरिएट नावाची मादी नदीला पूर आला तेव्हा आपली पिल्ले तोंडात धरून पुन्हा त्यांच्या घरी आश्रयाला आली, हा प्रसंग त्यांच्या पुस्तकात वाचताना मन थक्क होते. १९७६ साली त्यांनी इंग्लंडमधील ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयातून तारा ही वाघीण आणली आणि पुढे तीही रानात सोडली. ह्या प्रयोगावर प्रखर टीका झाली: खेरी जिल्ह्यात माणसे मारली जाऊ लागली तेव्हा दोष तारावर आला, आणि तिच्या अंगी परकी जात मिसळलेली असल्याचा आक्षेपही पुढे घेतला गेला. वनखात्याने एक वाघीण मारून ती तारा असल्याचे सांगितले, अर्जन सिंह यांनी ते अखेरपर्यंत नाकारले. माझ्या मते टीकाकारांचे जातीसंबंधीचे म्हणणे ग्राह्य होते. पण टीकाकारांनाही ज्या जंगलाबद्दल बोलता आले, ते जंगल उभे राहिले ह्याच मनुष्याच्या हट्टामुळे. १ जानेवारी २०१० रोजी त्यांचे निधन झाले.

वन्यप्राणी राखण्याची याहून वेगळी रीतही आहे: अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी प्रदेशात मोठ्या सावजाची शिकार आजही कायदेशीर आहे. ॲरिझोनात जन्मलेल्या जॅक ओकॉनर याने तेथील रानमेंढ्यांच्या शिकारीवर मासिकांतून वर्षानुवर्षे लिहिले. तेथे परवान्यांची सोडत निघते, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे वळविले आहे. ती व्यवस्था इकडे आणावी असे सुचविणारे अधूनमधून भेटतात. पण आपल्याकडे १९७० साली वाघाच्या शिकारीला बंदी झाली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हाच्या गणतीत देशभर १८२७ वाघ उरले होते. इतक्या थोड्या शिलकीतून परवाने वाटता येत नाहीत. बंदी हाच एक न्याय्य मार्ग होता आणि आहे.

बंदीने बंदूक गेली, विद्या मात्र गेलेली नाही. लखनऊजवळ काकोरीच्या बाजूला रहमानखेडा येथे २०१२ साली, आणि पुन्हा डिसेंबर २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत, आंब्याच्या बागांत वाघ येऊन राहिला, तेव्हा वनखात्याने मचाणे बांधली, पाडे बांधले, दुधव्याहून हत्ती आणले, रोज सकाळी ठशांचा माग काढला, आणि दोन्ही खेपांना बेशुद्धीची सुई मारून वाघ जिवंत धरला. मीर-शिकाराच्या माणसांना यातील सुईखेरीज सर्व काही परिचयाचे वाटले असते.

महाराष्ट्रातही ह्या विद्येच्या नोंदी आहेत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा चित्त्यांचा षोक सर्वश्रुत आहे. विदर्भातील मालगुजारांच्या वाड्यांत आणि कोकणातील जुन्या घरांत शिकारीच्या वह्या, परवाने, तारखा घातलेली छायाचित्रे अजूनही पेट्यांत पडून असतील. एखाद्या आजोबांनी साल, गाव आणि नाला लिहून ठेवलेली चार ओळींची नोंदही अभ्यासकाला मोलाची आहे, कारण त्या नाल्यावर एके काळी रानम्हशी होत्या की नव्हत्या, हे दुसऱ्या कशावरूनही कळणार नाही. आपल्या घरी अशी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. आजोबांबरोबर हाक्याला गेलेल्या माणसांची नावे घरच्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील तर ती तिच्याच कोऱ्या पानावर लिहून घ्या, आणि वही मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दाखवा.