छातीतल्या पाण्याची नीट तपासणी

बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळसा खाणींवर वाढलेलं गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 2016पासून मंचिर्याल जिल्ह्यात आहे. काझीपेठ–बल्लारशा लोहमार्गाने महाराष्ट्राशी जोडलेल्या अशा खाणपट्ट्यात ‘छातीत पाणी झालंय’ म्हटलं, की आधी टीबीच आठवतो. त्याला कारणही आहे. दगड फोडताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने टीबीचा धोका वाढतो. पण हीच धूळ 1997पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या कर्करोगकारकांच्या यादीत आहे. म्हणून पाणी न तपासता नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या सुरू करून महिने घालवणं धोक्याचं.

निरोगी माणसाच्या फुप्फुसाच्या दोन आवरणांमध्ये जेमतेम दोन-तीन चमचे पाणी असतं. रोगात ते लिटर-दीड लिटरही साचतं. सुईने काढलेलं हे पाणी प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवतात. तळाशी पेशींचा साका बसतो. तो काचपट्टीवर पसरून पॅपानिकोलाउ आणि गिम्सा पद्धतीने रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

खरी कसोटी इथेच लागते. आवरणाच्या स्वतःच्या पेशी सूज किंवा जंतुसंसर्गाने चाळवल्या, की फुगतात, त्यांची केंद्रकं मोठी होतात, त्या घोळक्याने दिसू लागतात. कर्कपेशीही तशाच दिसतात! अनुभवी नजरही इथे अडखळते. मग उरलेल्या साक्याची गुठळी करून, फॉर्मालिनमध्ये टिकवून ती मेणात बसवतात. हा ‘सेल ब्लॉक’. त्याच्या पातळ चकत्यांवर प्रतिपिंड वापरून पेशींतली ठरावीक प्रथिनं शोधतात. कॅलरेटिनिनचा रंग चढला तर पेशी बहुधा आवरणाच्या कुळातल्या. क्लॉडिन-4 दिसलं तर बाहेरून आलेल्या कर्करोगाची शक्यता मोठी. सोबत टीटीएफ-1 असेल तर संशय फुप्फुसाकडे वळतो.

याच ब्लॉकमधून ईजीएफआर जनुकातला बदलही शोधता येतो, आणि त्यावर उपचार ठरतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हा बदल असलेल्या, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 350 रुग्णांवर चाचणी केली. 2020मध्ये छापून आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, नुसत्या जेफिटिनिबच्या गोळीने रोग सरासरी 8 महिने आटोक्यात राहिला. जोडीला केमोथेरपी दिल्यावर 16 महिने. छातीतून काढलेलं पाणी टाकून देणं किती महागात पडू शकतं, ते यावरून कळावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. ‘कर्कपेशी आढळल्या नाहीत’ हा अहवाल म्हणजे कर्करोग नाही, असं नव्हे. कर्करोगामुळे पाणी झालेलं असतानाही पहिल्या नमुन्यात तो सुमारे 60 टक्के रुग्णांतच सापडतो. काही कर्कपेशी पाण्यात सहज सुटतात, काही आवरणाला घट्ट चिकटून राहतात. एस्बेस्टॉसशी जोडलेला मेसोथेलिओमा, म्हणजे आवरणाचाच कर्करोग, पाण्यातून पुष्कळदा निसटतो. म्हणून नमुना 50–60 मिलिलिटर तरी पाठवावा. संशय कायम असेल तर दुसऱ्यांदा तपासावं. त्यानेही निदान बरंच सुधारतं, तिसऱ्याने मात्र फारसं हाती लागत नाही. तेव्हा थोरॅकोस्कोपीने, म्हणजे छातीत दुर्बीण घालून, आवरणाचा तुकडाच घ्यावा लागतो.

त्यासाठी हैदराबाद किंवा नागपूर गाठायचं, तर पहिल्या तपासणीच्या काचपट्ट्या आणि सेल ब्लॉक मागून घेऊन सोबत न्यावेत. मेणातला ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. नव्या डॉक्टरांना त्याच्यावर पुढच्या चाचण्या करता येतात.