विश्लेषण : इन्स्टाग्रामवर हजारो ‘लाइक्स’, तरी गूगलवर फोटोग्राफर सापडत का नाही?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि फोटोग्राफरचा शोधही. पूर्वी हा शोध ओळखीपाळखीतून किंवा मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडून व्हायचा. आता नवरा-नवरी मोबाइलवर ‘सांगली वेडिंग फोटोग्राफर’ असे टाइप करतात. समोर येतात ती बहुतेकदा मोठी यादी-संकेतस्थळे. गावात ज्याच्या कामाचे नाव आहे, ज्याची रील हजारोंनी पाहिली आहे, तो त्या यादीत नसतो. असे का होते आणि इन्स्टाग्राम, पिंटरेस्टसारख्या चित्रप्रधान माध्यमांचा उपयोग गूगलवर दिसण्यासाठी कसा करून घेता येतो, हे समजून घेऊ या.

नेमकी अडचण काय?

फोटो कितीही बोलका असला, तरी शोधयंत्राला त्यावरून गाव, प्रसंग आणि छायाचित्रकाराचे नाव कळत नाही. चित्राच्या आसपासचा मजकूर, पानाचे शीर्षक, फोटोखालची ओळ, फाइलचे नाव यांवरून गूगल चित्राचा विषय ओळखते, असे गूगलच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. बहुसंख्य फोटोग्राफरच्या पोस्टखाली मात्र दोन बदाम आणि ‘फॉरएव्हर’ एवढेच असते. सप्तपदी कुठे झाली, फोटो कोणी काढले, त्यांचा स्टुडिओ कोणत्या गावात आहे, यातले काहीच लिहिलेले नसते. मग सांगलीतल्या शोधात ती पोस्ट येणार कशी?

१० जुलै २०२५ पासून काय बदलले?

त्याआधी इन्स्टाग्रामवरचे बहुतांश काम ॲपच्या भिंतीआड राहत असे. १० जुलै २०२५ पासून १८ वर्षांवरील वापरकर्त्यांच्या सार्वजनिक व्यावसायिक खात्यांवरील फोटो आणि व्हिडीओ गूगल व अन्य शोधयंत्रांच्या निकालांत दिसू शकतात. खाते खासगी असेल किंवा साधे वैयक्तिक असेल, तर ही वाट खुली होत नाही. व्यावसायिक खात्यासाठी शुल्क नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते बदलता येते. शोधयंत्रांना परवानगी देणारा पर्यायही तिथल्या गोपनीयतेच्या विभागात असतो. तो सुरू आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.

लाइक वाढले की गूगलवरचा क्रमांक वाढतो का?

हा सर्वांत मोठा गैरसमज. फेसबुक किंवा ट्विटरवरचे लाइक व फॉलोअर यांचा आकडा क्रमवारीसाठी विचारात घेतला जात नाही, असे गूगलचे तत्कालीन अधिकारी मॅट कट्स यांनी २०१४ मध्येच स्पष्ट केले होते. दुसरी गोष्ट लिंकची. समाजमाध्यमांवरच्या लिंकला सहसा ‘नोफॉलो’ ही खूण लावलेली असते. २००५ मध्ये आलेली ही खूण ‘या लिंकची शिफारस आमची समजू नका’ असे शोधयंत्राला सांगते. २०१९ पासून गूगल तिला आदेश न मानता केवळ सूचना मानते. तरीही रोज दहा ठिकाणी लिंक चिकटवल्याने संकेतस्थळ वर येईल, या आशेत राहू नये.

फायदा होतो तो आडवाटेने. फोटो आवडलेला माणूस नंतर स्टुडिओचे नाव गूगलवर शोधतो. मंगल कार्यालय, मेकअप आर्टिस्ट किंवा सजावटकार तेच फोटो आपल्या संकेतस्थळावर लावतात आणि श्रेय म्हणून तुमच्या संकेतस्थळाची लिंक देतात. ही लिंक खरी शिफारस ठरते. त्यामुळे लग्नानंतर या मंडळींना त्यांच्या कामाचे पाच-सहा चांगले फोटो आपणहून पाठवणे आणि लिंकसह श्रेय मागणे, हे शंभर हॅशटॅगपेक्षा उपयोगाचे.

पिंटरेस्ट वेगळे कसे?

२०१० मध्ये सुरू झालेले पिंटरेस्ट गप्पांपेक्षा शोधासाठी जास्त वापरले जाते. नवरी तिथे मुंडावळ्या, नऊवारी, हळदीची सजावट यांच्या कल्पना जमवत असते. इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही. पिंटरेस्टवरचा प्रत्येक फोटो मात्र तुमच्या संकेतस्थळावरील नेमक्या पानाशी जोडता येतो. इन्स्टाग्रामवरची पोस्ट काही दिवसांत मागे पडते, तर पिंटरेस्टवरचा फोटो अनेक महिन्यांनीही शोधात वर येऊ शकतो. फोटो उभा, २:३ प्रमाणात, म्हणजे १००० बाय १५०० पिक्सेलचा ठेवावा, अशी पिंटरेस्टची शिफारस आहे. आपले संकेतस्थळ खात्याशी जोडून त्याची मालकी सिद्ध करावी. लोक तयारी आधीपासून करतात, म्हणून लग्नसराईचे फोटो दीड-दोन महिने आधीच टाकलेले बरे.

फोटोसोबत काय लिहावे?

प्रसंग, ठिकाण, वैशिष्ट्य आणि स्टुडिओचे गाव, या चार गोष्टी. ‘प्युअर लव्ह’ऐवजी ‘वाईजवळच्या मेणवली घाटावर पहाटेचे प्री-वेडिंग शूट, नऊवारी आणि धोतर-उपरणे, छायाचित्रण : सातारा’ असे लिहिले, तर माणसालाही कळते आणि यंत्रालाही. संकेतस्थळावर चढवताना ‘डीएससी ४५२१’ हे कॅमेऱ्याने दिलेले फाइलचे नाव बदलून विषय सांगणारे नाव द्यावे. कॅमेऱ्यातली मूळ जड फाइल तशीच चढवू नये. पान हळू उघडले की ग्राहक परत जातो.

‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणजे चित्रात काय आहे ते शब्दांत सांगणारी ओळ. ती मुळात दृष्टिहीनांना ऐकून चित्र समजावे म्हणून असते. इन्स्टाग्रामवर ती स्वतः लिहिण्याची सोय २०१८ पासून आहे. तिथे गावांची नावे कोंबू नयेत, दिसते ते लिहावे. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलमधील नावाच्या रकान्यातही नुसते स्टुडिओचे नाव न देता ‘वेडिंग फोटोग्राफर, सांगली’ अशी जोड द्यावी, कारण तो रकाना ॲपमधील शोधात धरला जातो.

मराठी ग्राहक ‘डोहाळेजेवण’, ‘बारसे’, ‘साखरपुडा’ हे शब्द कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत टाइप करतो. तेव्हा मजकुरात दोन्ही रूपे सहजपणे येऊ द्यावीत. मोठ्या शहरांतील स्पर्धक ‘वेडिंग’ या एकाच शब्दासाठी झगडतात; डोहाळेजेवणाच्या फोटोंसाठी नीट लिहिलेले पान त्या मानाने लवकर सापडू शकते.

गूगलच्या नकाशावर कसे दिसावे?

‘माझ्याजवळचा फोटोग्राफर’ अशा शोधात सर्वांत आधी नकाशा उघडतो. तिथली क्रमवारी शोधाशी सुसंगती, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन बाबींवर ठरते, असे गूगल सांगते. त्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल विनाशुल्क तयार करता येते. २०२१ पर्यंत त्याचे नाव ‘गूगल माय बिझनेस’ होते. त्यात इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्टच्या लिंक जोडता येतात. स्टुडिओचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक सगळीकडे एकसारखा असावा. अल्बम हातात पडला की ग्राहकाला अभिप्राय लिहिण्याची विनंती जरूर करावी; त्या बदल्यात सवलत देणे मात्र गूगलच्या नियमांत बसत नाही.

ग्राहकाची परवानगी लागते का?

हा मुद्दा अनेक जण विसरतात. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७नुसार, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा ग्राहक असतो. म्हणजे लग्नाचे फोटो स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरायचे तर बुकिंगच्या वेळीच तसे लेखी ठरवून घ्यावे. कोणते फोटो, कोणत्या माध्यमांवर, नावासह की नावाशिवाय, हे त्यात स्पष्ट असावे. लहान मुलांच्या फोटोंबाबत पालकांना वेगळे विचारावे.

सुरुवात कुठून करावी?

स्वतःच्या संकेतस्थळापासून. समाजमाध्यम हे भाड्याचे दुकान आहे. नियम मालकाचे, आणि खाते हॅक झाले किंवा बंद पडले तर वर्षांची मेहनत एका दिवसात जाते. संकेतस्थळ साधे चालेल, पण लग्न, प्री-वेडिंग, बारसे यांना प्रत्येकी एक स्वतंत्र पान हवे. त्यावर निवडक फोटो, किती दिवसांचे काम, अल्बम केव्हा मिळतो आणि दर साधारण कुठून सुरू होतो, हे लिहावे. मग पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्रामवरून ग्राहकाला त्या-त्या पानावर आणावे. कोणते शब्द टाइप करून लोक तिथे पोहोचले, हे गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत साधनात दिसते.

निकाल आठवड्यात दिसत नाहीत; एखादा हंगाम धीर धरावा लागतो. आणि मोजमाप लाइकचे करू नये. चौकशीचा फोन आला की ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ एवढे विचारून वहीत नोंद करावी. सराई संपल्यावर ती वही उघडली, की कोणत्या माध्यमावर वेळ घालवायचा याचे उत्तर तिथेच मिळेल.