एक शेक की दहा?

दुखण्यावरचं संशोधन : लेखांक ६

मागच्या लेखांकात कर्करोग हाडापर्यंत कसा पोचतो ते पाहिलं. स्तन, प्रोस्टेट आणि फुफ्फुसाच्या कर्करोगात हे वारंवार घडतं, आणि मणका, कंबर, बरगड्या, मांडी या त्याच्या नेहमीच्या जागा. तिथे पोचलेल्या पेशी हाडाची झीज करणाऱ्या आपल्याच पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, चेतवतात. या पेशी आम्ल सोडून हाड विरघळवतात आणि त्या आम्लाने तिथले मज्जातंतू चिडतात. रात्री कूस बदलताना जीव कळवळतो त्यात याचा मोठा वाटा असतो.

अशा दुखऱ्या जागेवर बाहेरून किरण देणं हा जुना आणि खात्रीचा उपाय. आपल्याकडचे पेशंट त्याला ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट’. प्रश्न आहे तो किती वेळा द्यायचा याचा. एका पद्धतीत एकाच दिवशी ८ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) देऊन काम संपतं. दुसरीत रोज ३ ग्रे याप्रमाणे दहा दिवस, एकूण ३० ग्रे. शनिवार-रविवार मशीन बंद धरलं तर याचे दोन आठवडे होतात. यवतमाळहून किंवा नंदुरबारहून परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या माणसाला ते कुठे काढायचे हा विचार करावा लागतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. बरोबर आलेल्या मुलाचा रोज बुडतो तो वेगळाच. शिवाय ज्याचा मणका दुखतोय त्याला दर वेळी स्ट्रेचरवरून त्या कडक टेबलावर उचलून ठेवायचं. किरणांनी काही दुखत नाही, पण हे उचलणं भयंकर दुखतं.

म्हणून या प्रश्नाचं उत्तर शोधायला जगभर हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या. त्यांची सुरुवात मोठी बोधक आहे. अमेरिकेतल्या आरटीओजी या संशोधक-गटाने १९७४ मध्ये एक चाचणी हाती घेतली. तिचे निष्कर्ष १९८२ मध्ये आले : कमी दिवसांच्या उपचाराने तेवढाच आराम पडतो. तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याच रुग्णांची तीच माहिती दुसऱ्या संशोधकाने पुन्हा तपासली आणि उलटा निष्कर्ष काढला : जास्त दिवसांचा उपचार सरस.

आकडे तेच होते. बदललं होतं ते ‘आराम’ कशाला म्हणायचं याचं माप. पहिल्या तपासणीत दुखणं कमी झालं का एवढंच प्रामुख्याने पाहिलं होतं. दुसरीत वेदनाशामक औषध किती लागतं आणि पुन्हा शेक द्यावा लागला का, हेही धरलं. शिवाय दुखणं किती आहे याची नोंद डॉक्टर करत होते. ज्याचं दुखतंय त्याच्याऐवजी पाहणाऱ्याने गुण द्यायचे, ही मला त्या काळच्या संशोधनातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

ती भरून काढायला वेळ लागला, पण भरून निघाली. २००२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकमताने व्याख्या ठरवल्या. रुग्णाने स्वतः शून्य ते दहा यांतला आकडा सांगायचा. किरण दिलेल्या जागी दुखणं शून्यावर आलं आणि औषध वाढवावं लागलं नाही, तर पूर्ण आराम. आकडा किमान दोनने उतरला आणि औषध वाढलं नाही, किंवा दुखणं न वाढता औषध पाव हिश्शाने तरी कमी झालं, तर अंशतः आराम. समजा, कुणी आधी आठ सांगायचा आणि आता चार सांगतो, पण दरम्यान मॉर्फिन दुप्पट झालंय. हा आराम किरणांच्या खात्यावर जमा होत नाही. औषधाचा हिशोब असा काटेकोर ठेवल्यामुळेच पुढच्या चाचण्यांची एकमेकींशी तुलना करता आली.

त्याआधी नेदरलँड्समध्ये मात्र एक सुंदर चाचणी होऊन गेली होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ११७१ रुग्ण होते. निम्म्यांना ८ ग्रे एकदाच, निम्म्यांना ४ ग्रे सहा वेळा. त्यानंतर रुग्ण घरीच दर आठवड्याला प्रश्नावली भरत, पुढे दर महिन्याला. डॉक्टर मध्ये नाहीच. दोन्ही गटांत दर दहांतल्या साधारण सात जणांना आराम पडला.

२००५ मध्ये आरटीओजीची नवी चाचणी आली. स्तन आणि प्रोस्टेट कर्करोगाचे ८९८ रुग्ण, ८ ग्रे एकदा विरुद्ध ३० ग्रे दहा वेळा. तीन महिन्यांनी दोन्हीकडे सुमारे ६६ टक्क्यांना आराम. आणि त्रासदायक तात्कालिक दुष्परिणाम एकदाच्या गटात १० टक्के, दहाच्या गटात १७.

मग दहा वेळा देतातच कशाला? कारण एका शेकानंतर पुन्हा शेक देण्याची वेळ जास्त येते : अमेरिकन चाचणीत १८ टक्के विरुद्ध ९, डच चाचणीत २५ विरुद्ध ७. हा आकडा दाखवून अनेक डॉक्टर दहाची बाजू घेतात, आणि तो नजरेआड करणं योग्य नाही. पण डच संशोधकांनी तो आणखी खणला. एकच शेक मिळालेल्यांना डॉक्टर दुसरा शेक लवकर देत होते, रुग्णाने सांगितलेला आकडा तुलनेने कमी असतानाही. म्हणजे फरकाचा काही भाग दुखण्यातला नव्हताच. ‘एकदाच दिलंय, अजून द्यायला वाव आहे’ या डॉक्टरांच्या मनातल्या हिशोबाचा होता. आणि दुसरा शेक द्यावा लागला तरी पुष्कळांची दोन वाऱ्यांतच सुटका होते.

उपचारानंतर पहिल्या काही दिवसांत दुखणं उसळी मारू शकतं, हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं. न सांगितल्यामुळे घरचे घाबरतात, उपचार चुकला असं समजतात. कॅनडातल्या २९८ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोनच्या गोळीने ही उसळी ३५ टक्क्यांवरून २६ वर आली. खरा उतार पडायला दोन-चार आठवडे लागू शकतात. तोवर चालू औषधं सोडायची नाहीत.

एकच शेक सगळ्यांना चालतो असं नाही. मांडीच्या हाडाचं बाहेरचं कवच लांबीत ३० मिलिमीटरपेक्षा जास्त पोखरलं असेल तर ते मोडण्याचा धोका असतो. तिथे आधी ऑर्थोपेडिक सर्जनने पाहायला हवं, हेही डच चाचणीतूनच कळलं. आणि मणक्याच्या रुग्णाच्या पायांतली ताकद गेली, बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. मज्जारज्जू दबला असेल तर उद्यापर्यंत थांबता येत नाही.

गाठीवर अतिशय नेमका, मोठा डोस देणाऱ्या नव्या तंत्राबद्दल हल्ली खूप ऐकू येतं. मणक्याच्या दुखण्यावर कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत (२०२१) दोन वेळा मिळून २४ ग्रे दिल्यावर तीन महिन्यांनी ३५ टक्के रुग्णांचं दुखणं पूर्ण गेलं. नेहमीच्या पद्धतीत १४ टक्क्यांचं. पण अमेरिकेतल्या चाचणीत १६ किंवा १८ ग्रेचा नेमका डोस साध्या ८ ग्रेपुढे सरस ठरला नाही. त्यामुळे महागडं मशीन नसलेल्या गावातल्या रुग्णाला कमी दर्जाचा उपचार मिळतोय, असं आज कुणी म्हणू नये.

मोडण्याचा धोका नाही, मज्जारज्जूवर दाब नाही, नुसतं दुखतंय, अशा रुग्णाला एका दिवसाचा पर्याय आहे हे सांगितलंच गेलं पाहिजे. निवड त्याची असू दे. नातेवाइकांनीही विचारावं : ‘डॉक्टर, एकाच वेळेत होईल का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर का, तेही विचारावं.

पुढच्या आठवड्यात झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन : ते दर महिन्याला घ्यायचं की तीन महिन्यांतून एकदा, आणि ते सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरकडे का जायचं.