निकालानंतरचे पहिले आठ दिवस

कॉलेजचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात. पण ज्याचे तीन विषय राहिले, तो घरी "साईट उघडत नाही" म्हणून सांगतो आणि आठवडाभर उशिरा घरी येतो. कमी मार्कांपेक्षा ही लपवालपवी जास्त नुकसान करते, असे आम्हांला वाटते. कारण करण्यासारखे बरेच काही याच दिवसांत असते.

एटीकेटी म्हणजे काय, हे घरातल्या मोठ्यांनी आधी समजून घ्यावे. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येते आणि राहिलेले विषय नंतर सोडवता येतात. किती विषयांपर्यंत सवलत, हे विद्यापीठाच्या नियमांवर असते. मर्यादा ओलांडली तर वर्ष थांबते, शिक्षण संपत नाही.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते का, मुदत कधीपर्यंत, हे कॉलेजात लगेच विचारावे. ही मुदत थोडी असते. राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म आणि शिष्यवृत्तीचे पुढे काय, हेही त्याच फेरीत विचारावे. पोरगं ऑफिसच्या खिडकीवर जायला बिचकत असेल, तर घरातल्या कुणीतरी सोबत जावे.

मग कारण शोधावे. मराठी शाळेत शिकलेली मुलगी एकदम इंग्रजी पुस्तकांपुढे बसते. कुणी रात्री बारापर्यंत डिलिव्हरी करतो आणि सकाळी सातच्या लेक्चरला डुलक्या घेतो. एकाच खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि अभ्यास चालतो. यात डोक्याचा दोष कुठे आहे? बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. त्या आकड्यावर त्यांची बुद्धी कोण मोजणार?

शरीरही तपासून घ्यावे. वाचताना डोके दुखत असेल तर डोळे तपासा. मुलगी सारखी थकत असेल, धाप लागत असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन बघा. मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तिच्या अंगात रक्त कमी आहे. अशा वेळी पाठांतर होत नाही म्हणून रागावून उपयोग नाही, उपचार हवेत. झोप सात तास तरी मिळावी. त्यासाठी घराने रात्री दहाला टीव्ही बंद करायला हरकत नाही.

मनाकडे दुर्लक्ष नको. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, मित्रांशी बोलणे बंद, "मी नसलेलाच बरा" अशी भाषा, ही लक्षणे गंभीर आहेत. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येते.

आईवडिलांना आमचे एवढेच सांगणे आहे. "आम्ही तुझ्यासाठी एवढे राबलो" हे वाक्य त्या दिवशी गिळून टाका. पोराला आधी जेवायला वाढा. मग विचारा, "कोणता विषय राहिला? उद्या कॉलेजात कुणाला भेटायचं?"