बाजारपेठ आणि संज्ञापनविद्या

हैदराबादेतील बेगम बाजार ही किराणा, मसाले, सुका मेवा आणि भांडी यांची मोठी घाऊक पेठ होय. तेलुगू, दखनी, मारवाडी, मराठी अशा अनेक बोलींतून येथे सौदे होत असतात. एकाने सांगावे, दुसऱ्याने ऐकावे आणि दोघांच्याही मनात एकच अर्थ उमटावा, तेव्हाच व्यवहार पुरा होतो. या क्रियेलाच शास्त्राच्या भाषेत संज्ञापन म्हणतात.

बोलणे सर्वांनाच येते. मग ते शिकावयाचे कशाला, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. नोव्हेंबर २०१६ मधील एक घटना त्याचे उत्तर देते. मोठ्या नोटा रद्द झाल्यावर थोड्याच दिवसांत, मीठ मिळेनासे होणार, अशी आवई उत्तर भारतातील अनेक शहरांत उठली. दुकानांपुढे झुंबड उडाली आणि मीठ भलत्याच भावाने विकले गेले. साठा पुरेसा आहे, असे अखेर सरकारला जाहीर करावे लागले. मिठाची वाण नव्हती. वाण होती ती खातरजमेची. बातमी मुळात कोणी दिली, त्याला ती कशी कळली आणि दुसरीकडून तिला दुजोरा मिळतो काय, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हा या विद्येचा पहिला पाठ होय.

विद्यापीठांतून हा विषय शिरला, त्यास आता सत्तर वर्षे होऊन गेली. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात अमेरिकन प्राध्यापक रोलंड वूल्सली यांनी १९५२–५३ मध्ये वृत्तविद्या शिकविली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९५४ मध्ये, तर पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये वृत्तविद्येचा विभाग निघाला. परंतु दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या तरुणास पदवीसाठी इतका वेळ कोठला? अशांकरिताच सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना पुढे आली. अमेरिकेत जोलिएट येथे १९०१ मध्ये तिचा आरंभ झाला. भारतात १९९५ मध्ये पुदुच्चेरी विद्यापीठाने असे महाविद्यालय काढले. चेन्नईचे येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनी पुढे या चळवळीचा देशभर प्रसार केला. अल्प मुदत, माफक शुल्क, स्थानिक गरजेचा विषय आणि हातांना प्रत्यक्ष काम, ही या शिक्षणाची लक्षणे होत.

तेथे संज्ञापन शिकणाऱ्याने बातमी टिपावी, ध्वनिमुद्रण करावे, अब्रुनुकसानीचा कायदा समजून घ्यावा. नभोवाणीसाठी लिहिताना वाक्य आटोपशीर ठेवावे, कारण श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही. एक हजार नऊशे सत्त्याण्णव पोती न म्हणता ‘सुमारे दोन हजार’ म्हणावे. मात्र तराजूपुढे अचूक आकडाच द्यावा. स्थळ पाहून शब्द योजणे, हेच यातील मर्म.

या विद्येला मोठे भांडवल लागते असे नाही. जहिराबादनजीक २००८ मध्ये सुरू झालेले ‘संगम रेडिओ’ हे केंद्र दलित शेतकरी स्त्रियांनी चालविले आणि बी-बियाणे, आरोग्य, गाणी हे विषय स्वतःच्या बोलीत मांडले. बेगम बाजारच्या तरुणापाशी तर चार-चार भाषांची शिदोरी आहे. तिला खातरजमेची शिस्त लाभली, तर पुढची आवई त्याच्याच दुकानाच्या पायरीशी अडेल.