विमानातलं उपकरण खरं बोलतंय, हे कसं ओळखायचं?

प्रयोगशाळेत चोख चालणारं उपकरण विमानातही चोख चालेल का? बघा, 10 किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण पाव हिश्श्यावर येतो. विमान हादरत असतं. हवा आत घेणाऱ्या नळीला काही वायू आतून चिकटून बसतात.

नायट्रिक ऑक्साइडचं उदाहरण घेऊ. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत एक लाख कोटी रेणूंमागे याचे दहाएक रेणू सापडतात. पण तिथे ओझोन तयार होणार की नष्ट होणार, हे या एवढ्याशा वायूवर ठरतं. म्हणजे मोजमाप थोडं चुकलं, तरी निष्कर्ष उलटा येऊ शकतो.

मग तपासायचं कसं? नासाने 1983 मध्ये आधी व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावर आणि नंतर विमानात, वेगवेगळ्या गटांची उपकरणं एकाच वेळी चालवून पाहिली. नायट्रिक ऑक्साइडसाठी दोन उपकरणं या वायूची ओझोनशी अभिक्रिया होताना निघणारा प्रकाश मोजत होती. तिसरं लेझर टाकून रेणूंना चमकायला लावत होतं. हा फरक महत्त्वाचा, बरं का! एकाच पद्धतीची उपकरणं एकसारखीच चुकू शकतात, आणि आपण त्याला एकमत समजून बसतो.

अशा चाचणीचं एक पथ्य असतं: प्रत्येक गटाने आपले आकडे जमा केल्याशिवाय दुसऱ्याचे पाहायचे नाहीत. मग आकडे जुळले नाहीत, की नळी, प्रमाणित वायूचा सिलिंडर, उपकरण असं एकेक तपासत जायचं.